पेटीतले कागद आणि खाणीतली हवा

आज आम्ही तिघी बोलणार आहोत. आमच्या तिघींच्याही घरातलं कुणी ना कुणी दगडखाणीवर नाहीतर खडी क्रशरवर कामाला आहे, किंवा होतं. त्यामुळे आजची गोष्ट ऐकायला लांबच्या देशातली असली तरी आम्हाला ती फार लांबची वाटली नाही.

सुरुवात मात्र आपल्याच गल्लीतून करतो. आमच्या गटातल्या एका वहिनींचे मालक वीस-बावीस वर्षं खाणीवर होते. दम लागायला लागला तेव्हा तालुक्याला नेलं, छातीचा एक्स-रे काढला. पुढे दोन वर्षांनी ते गेले. मागच्या वर्षी कामगारांच्या कागदपत्रांबद्दल एक शिबिर होतं, तिथे वहिनींना विचारलं, “एक्स-रे आहे का?” होता की! पण ग्रहण बघायला पोरांनी तो कापला होता, आणि चार तुकडे करून गल्लीत वाटला होता. “बरं, कुठल्या खाणीवर होते? कधीपासून कधीपर्यंत?” ते सगळं मुकादमाच्या डायरीत. आणि मुकादम? तो गाव सोडून गेला. वहिनी शेवटी वैतागून म्हणाल्या, “माणूस माझ्या डोळ्यांदेखत खोकून खोकून गेला. ह्याहून अजून काय पुरावा पाहिजे?”

शिबिरात शिकवायला आलेल्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, तुमच्यासारखंच अमेरिकेतल्या नवाहो बायकांनी विचारलं होतं. आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. नंतर आम्ही त्यांच्याकडून आणखी माहिती मागवून घेतली, गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचली. तीच आज सांगतो.

नवाहो म्हणजे अमेरिकेतले मूळचे रहिवासी. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत त्यांचा मुलूख पसरलेला आहे. कोरडा प्रदेश, लाल खडक, पाऊस कमी. मेंढ्या पाळायच्या, मका पिकवायचा, लोकरीची कांबळी विणायची. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं, आणि जुन्या रीतीप्रमाणे लग्न झाल्यावर नवरा बायकोच्या माणसांत राहायला येतो. हे वाचलं तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघी म्हणाल्याच, बरं आहे की हे!

ह्या लोकांच्या जमिनीखाली युरेनियम निघालं. त्यांनी त्याला नाव दिलं ‘लेत्सो’, म्हणजे पिवळी माती. अणुबॉम्बला युरेनियम लागतं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला ते हवं तेवढं हवं होतं. १९४४ ते १९८६ ह्या काळात नवाहो मुलखातून जवळजवळ ३ कोटी टन खनिज काढलं गेलं. पाचशेहून जास्त खाणी आज तिथे सोडून दिलेल्या पडल्या आहेत. सुरुवातीची कितीतरी वर्षं ह्या मालाला गिऱ्हाईक एकच होतं, तिथलं सरकार. खाणी चालवायच्या खासगी कंपन्यांनी आणि काम करायचं नवाहो पुरुषांनी. रोजगार घराजवळ आला म्हणून लोक खूश होते. आपल्याकडे क्रशर आला तेव्हा आपणही खूश झालो होतो, खोटं कशाला बोला.

खाणीत सुरुंग लावायचे. धूळ खाली बसायच्या आत माणसं परत आत जायची, कारण माल किती निघाला त्यावर सगळं. हवा खेळती ठेवायला पंखे नव्हते किंवा नावाला होते. तहान लागली की भिंतीतून झिरपणारं पाणी प्यायचं. आतच भाकरी खायची. संध्याकाळी तेच पिवळ्या धुळीचे कपडे घालून घरी यायचं, आणि बायकोने ते बाकीच्या कपड्यांबरोबर धुवायचे. खाणीतले दगड चांगले चौकोनी निघतात म्हणून काहींनी त्यांचीच घरं बांधली.

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण आम्हालाही हे समजायला वेळ लागला. युरेनियम असलेल्या दगडातून रेडॉन नावाचा वायू सतत सुटत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. चुलीचा धूर झाला तर डोळ्यांना पाणी येतं, आपण दार उघडतो. रेडॉनचं काहीच कळत नाही. मोकळ्या हवेत तो उडून जातो, पण बंद खाणीत साचतो. त्याचं रूपांतर होत होत बारीक कण तयार होतात, ते धुळीला चिकटतात, श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात आणि तिथे आतल्या आत किरणोत्सर्ग करतात. माणूस लगेच पडत नाही. पंधरा-वीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, फुप्फुसाचा कॅन्सर होतो. तोवर खाण बंद झालेली असते, कंपनी निघून गेलेली असते.

हे कुणाला माहीतच नव्हतं का? होतं. जर्मनी आणि आजचा चेक देश यांच्या सीमेवरच्या डोंगरातल्या खाणकामगारांना एक जुना आजार होता, लोक त्याला डोंगराचा आजार म्हणत. तो फुप्फुसाचा कॅन्सर आहे हे १८७९ मध्येच दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. त्याच्याही आधी, १५५६ साली छापलेल्या आग्रिकोलाच्या खाणींवरच्या ग्रंथात अशी नोंद आहे की कार्पेथियन डोंगरातल्या खाणींच्या भागात सात-सात नवरे केलेल्या बायका सापडतात, आणि सगळे नवरे छातीच्या रोगाने गेलेले. त्याने दोष धुळीला दिला, रेडॉन तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. पण बघा, खाणीतल्या आजाराचा हा हिशेब विधवांच्या मोजणीतून आला. कागद नंतर आले.

अमेरिकेतही हिशेब लिहिला गेला, आणि गोष्ट इथेच बिघडते. १९५० पासून तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेने खाणकामगारांचा अभ्यास सुरू केला. गाड्या घेऊन डॉक्टर खाणींवर जायचे, रक्त-लघवी तपासायचे, एक्स-रे काढायचे, खाणीतली हवा मोजायचे. डंकन हॉलडे नावाचे अधिकारी त्यात होते. पंखे बसवा, हवा खेळती ठेवा, असं ते वर सांगत राहिले. चार हजारांहून जास्त कामगारांची नावं त्या अभ्यासात आहेत, त्यात शेकडो नवाहो. म्हणजे नोंद होती. व्यवस्थित, तारीखवार होती. फक्त ज्याची नोंद त्याला ती सांगितली नाही. खाणीत शिरू द्यायचं तर कामगारांना घाबरवायचं नाही, असं कंपन्यांशी ठरलं होतं. माणूस डॉक्टरपुढे छाती उघडून उभा राहायचा, डॉक्टर लिहून घ्यायचा, आणि माणूस परत खाणीत जायचा. नवाहो भाषेत किरणोत्सर्गाला तेव्हा शब्दही नव्हता, पण ‘ह्या हवेने तुझं फुप्फुस खराब होईल’ हे सांगायला कुठल्या भाषेत शब्द नसतात?

त्या नोंदींचा उपयोग झाला नाही असं आम्ही म्हणत नाही. कॅन्सर किती वाढलाय ते १९६० नंतर त्यातूनच सिद्ध झालं. १९६७ मध्ये खाणीतल्या हवेवर पहिली देशभरची मर्यादा आली आणि १९७१ मध्ये ती आणखी कडक झाली, तीही त्याच आकड्यांवरून. जगभरच्या खाणकामगारांना त्याचा फायदा मिळाला. पण ज्यांच्या छातीतून ते आकडे निघाले, त्यांना मर्यादा येईपर्यंत दहा-पंधरा वर्षं खाणीत झाली होती.

१९६० च्या आसपास नवाहो विधवा एकमेकींना भेटायला लागल्या. तुझा कसा गेला? माझाही तसाच गेला. खोकला, रक्त, वजन उतरलं. तरुण माणसं, पन्नाशीही न गाठलेली. आपल्या गटात पहिल्या बैठका झाल्या तेव्हा आपणही अशाच बोलायला बसलो होतो, आठवतंय? त्यातून त्यांची समिती झाली, वकील आले. केनेडींच्या काळात मंत्री राहिलेले स्ट्युअर्ट युडाल त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. १९८४ मध्ये निकाल विरोधात गेला. न्यायाधीशांनी मान्य केलं की झालं ते दुःखद आहे, पण सरकारवर असा दावा चालत नाही, दाद संसदेकडे मागा. वरच्या कोर्टातही तेच झालं. मग अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १५ ऑक्टोबर १९९० रोजी भरपाईचा कायदा झाला. खाणकामगाराला, तो नसेल तर त्याच्या विधवेला, १ लाख डॉलर. कायद्यात माफीचे शब्दही होते.

गोष्ट इथे संपली असती तर आम्ही आज बोलायला आलोच नसतो.

कायद्याने पुरावा मागितला. आणि कसला पुरावा, तर त्या माणसाने किती रेडॉन घेतला त्याचा. त्याचं एक माप आहे, ‘वर्किंग लेव्हल मंथ’. आपण त्याला पातळी-महिना म्हणू. खाणीतली हवा किती वाईट ती पातळी, आणि १७० तास काम म्हणजे एक महिना. दोन्हींचा गुणाकार करायचा. समजा हवा १० पातळीची आहे आणि माणूस तिथे २० महिने होता, तर झाले २००. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या खाणकामगाराने निदान २०० दाखवायचे, असं १९९० चा कायदा म्हणत होता. ओढणाऱ्याने ३०० किंवा ५००, कॅन्सर कुठल्या वयात कळला त्यावर. म्हणजे वीस महिन्यांचा कागद असला तर भरपाई, आणि एकोणीसच महिन्यांचा सापडला तर १९०, अर्ज परत. आम्ही हे गणित खडूने फळ्यावर मांडलं तेव्हा वहिनी नुसत्या बघत राहिल्या.

आता विचार करा, हे दोन आकडे आणायचे कुठून? हवेची पातळी मोजली होती, पण सगळ्या खाणींत नाही आणि दर वर्षी नाही. डोंगराच्या कडेला पाच-सहा माणसांनी खणलेल्या बारक्या खाणी तर कित्येक. तिथे कुणी काही मोजलंच नाही. मग शेजारच्या खाणीचा आकडा धरायचा, नाहीतर आधीच्या-नंतरच्या वर्षांवरून अंदाज करायचा. आणि महिने? पगाराच्या पावत्या कुणी ठेवल्या होत्या? माणूस एका खाणीवरून दुसरीवर जायचा, मेंढ्यांच्या कामाला घरी यायचा, परत जायचा. कंपन्या बंद झाल्या, त्यांच्या वह्या कुठे गेल्या कुणास ठाऊक.

त्यात नावं. एकाच माणसाचं नवाहो नाव वेगळं, खाणीवर लिहिलेलं इंग्रजी नाव वेगळं, शिरगणतीतलं वेगळं, आणि प्रत्येक कारकुनाची स्पेलिंग वेगळी. हे ऐकून आम्हाला हसूही आलं आणि रडूही. आपल्यातल्या किती जणींचं माहेरचं नाव वेगळं, सासरी ठेवलेलं वेगळं आणि आधारवरचं तिसरंच! बँकेत त्या पायी किती खेटे घातलेत ते आपलं आपल्याला माहीत.

आणि सगळ्यात मोठी अडचण बायकांची. विधवेने आपण त्याची बायको होतो हे दाखवायचं होतं, लग्न त्याच्या मरणाआधी किमान एक वर्ष झालेलं असल्याचंही. नवाहो लग्नात वधू-वर एका टोपलीतली मक्याची लापशी मिळून खातात. घरातली थोरली माणसं सभोवती बसलेली असतात, तीच साक्षीदार. सरकारी दाखला कुणी काढतच नव्हतं. चाळीस वर्षं संसार केला, मुलं झाली, आजारपण काढलं, आणि आता दाखला दाखवा! म्हाताऱ्या बायका, इंग्रजी न येणाऱ्या, मैलोन्‌मैल जाऊन आपल्या आदिवासी कोर्टाकडून लग्न खरं असल्याचं लिहून आणायच्या. खाणकामगारांची नावं नोंदवायला आणि अर्ज भरून द्यायला नवाहो शासनाने स्वतःचं कार्यालय काढलं, तेव्हा कुठे थोडी सोय झाली. तोवर किती जणी अर्ज अर्धवट टाकून घरी बसल्या असतील?

पूजेपुरती ओढलेली तंबाखूसुद्धा आड आली. नवाहो लोकांच्या धार्मिक विधींत तंबाखू लागते. अर्जातल्या प्रश्नाला माणूस खरं उत्तर द्यायचा, की हो, ओढतो, आणि ओढणाऱ्यांच्या रकान्यात जायचा.

बायकांनी आणि कामगारांनी पाठ सोडली नाही. २००० साली कायदा बदलला. २०० च्या जागी ४० पातळी-महिने पुरे झाले, ओढणारा न ओढणारा हा फरक काढून टाकला, शपथपत्र चालू लागलं, आदिवासींच्या रीतीरिवाजांचा विचार करायचा असं ठरलं. खनिज दळणाऱ्या गिरण्यांतले आणि वाहतुकीचे कामगारही आत घेतले. २००२ मध्ये तर एक वर्ष खाणीत काम केल्याचं दाखवलं तरी पुरे, असं झालं. म्हणजे जे माप सरकारने नीट ठेवलंच नव्हतं ते विधवेकडे मागणं चूक आहे, हे कळायला बारा वर्षं लागली. कायद्याची मुदत २०२४ च्या जूनमध्ये संपली होती. २०२५ च्या जुलैमध्ये तो पुन्हा लागू झाला आणि १९९० पर्यंत काम केलेल्यांनाही त्यात जागा मिळाली. मात्र पिवळ्या धुळीचे कपडे धुणाऱ्या बायकांसाठी त्यात आजही रकाना नाही.

आता आपल्या देशातलं. महाराष्ट्रात युरेनियमच्या खाणी नाहीत. झारखंडमध्ये जादुगुडाच्या भागात आहेत, आंध्रात तुम्मलपल्लेला आहे. पण किरणांचं काम करणारे कामगार आपल्याही तालुक्यात आहेत. एक्स-रे काढणारा मुलगा बघितला असेल. त्याच्या छातीला एक चपटी डबी असते, तिला टीएलडी बॅज म्हणतात. आतल्या गोल चकत्या किरणं साठवून ठेवतात. बहुतेक ठिकाणी दर तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो, तिथे चकत्या तापवल्या की त्या उजळतात, आणि किती उजळल्या त्यावरून त्या माणसाने किती मात्रा घेतली ते कळतं. देशभरच्या अशा कामगारांच्या मात्रांची नोंद मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात राहते. आपल्याकडची मर्यादा अशी, की पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर जायची नाही, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही.

आमच्या गटातल्या एकीचा भाचा एका दवाखान्यात ह्या कामाला आहे. आम्ही त्याला विचारलं, “तुझा आकडा किती?” त्याला माहीत नव्हता. बॅज कुठे? दवाखान्यात खुंटीला. साहेब म्हणाले हरवेल, इथेच राहू दे. म्हणजे तीन महिने मात्रा भिंतीने घेतली, नोंद भाच्याच्या नावावर! मावशीने त्याला असा काही झाडला की आता बॅज घातल्याचा फोटो पाठवतो. आणि आकडेही मागून घेतलेत, एका वहीत लिहिलेत.

ते मागायचा हक्क त्याला आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे जे नियम आहेत, त्यांत कामगाराला त्याची नोंद बघायला मिळाली पाहिजे असं म्हटलंय. नोंद किती वर्षं ठेवायची तेही आहे. काम सोडल्यावर किमान ३० वर्षं, आणि शिवाय तो माणूस पंचाहत्तर वर्षांचा होईपर्यंत. तो मधेच वारला तरी, असता तर पंचाहत्तरचा झाला असता तोवर. हा नियम आम्ही दोनदा वाचला. मेलेल्या माणसाचं वय मोजत राहणारा दुसरा नियम आम्ही तरी ऐकला नाही. बॅजबद्दल एक लक्षात असू द्या, तो बाहेरून लागलेली किरणं मोजतो. श्वासातून आत गेलेला रेडॉन त्यात येत नाही, त्यासाठी खाणीतली हवाच मोजावी लागते आणि माणूस तिथे किती तास होता ते लिहावं लागतं.

आपल्या दगडखाणीत भीती आहे ती मुख्यतः दगडाच्या धुळीची, सिलिकोसिसची. तो आजार वेगळा. पण प्रश्न तेच येतात: कुठे होता, किती दिवस, काय काम, छातीचा फोटो कुठाय.

म्हणून आम्ही शंभर पानी वही केली आहे. प्रत्येक घराला दोन पानं. वर माणसाचं नाव, जेवढ्या तऱ्हेने लिहिलं जातं तेवढ्या सगळ्या तऱ्हेने. मग खाण कुठली, मालक कोण, मुकादम कोण, कधी लागला, कधी सोडलं. तारीख आठवत नसेल तर ‘थोरलीच्या लग्नाच्या आदल्या दिवाळीपासून’ असंही लिहितो, नंतर शोधता येतं. काम काय, ड्रिल मारायचं, फोडायचं की भरायचं, पाणी मारत होते का. बरोबर कामाला कोण होतं ते नक्की लिहितो, कारण उद्या शपथपत्र करायला तेच लागणार. बायका खडी भरायला जातात त्यांची पानंही आहेत. सुरुवातीला आम्ही फक्त पुरुषांची करत होतो, एका सुनेने टोकलं तेव्हा लक्षात आलं. एक्स-रे सरळ ठेवायचा, घडी घालायची नाही, पाकिटावर तारीख. हजेरीचं कार्ड, उचल घेतल्याची चिठ्ठी, पगाराचा एसएमएस, सगळं चालतं. वहीची एक प्रत गटाच्या अध्यक्षांकडे, एक आशाताईंकडे.

वहिनींच्या पानावर अजून जागा रिकामी आहे. त्यांच्या मालकांबरोबर कामाला असलेले दोघे शेजारच्या गावात सापडलेत, त्यातले एक सांगायला तयार आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात जुन्या एक्स-रेच्या नोंदवहीत नाव मिळतं का बघायला आम्ही सोमवारी जाणार आहोत. कुणाला बरोबर यायचं असेल तर सकाळी आठच्या एसटीला स्टँडवर या.

आणि येत्या बुधवारी दुपारी तीनला समाजमंदिरात वही भरायला बसतोय. पेटीत जे काही असेल ते घेऊन या, फाटकं असलं तरी. झेरॉक्सचे पैसे गटातून देऊ.